लेन्समधली बुरशी : घरी काय करावं, काय करू नये



बुरशी शिकवताना मी दरवर्षी ओला पाव डब्यात घालून ठेवते. यंदा त्र्यंबकच्या बाजूचा चौथीतला एक मुलगा आजोबांचा जुना कॅमेरा घेऊन आला. "बाई, यात कोळ्यानं जाळं केलंय." कोळी नव्हता, पावावरचीच मंडळी होती. आजोबा आता नाहीत, म्हणून आईचा निरोप होता, साफ होईल का बघा. (त्र्यंबकेश्वर हे दादासाहेब फाळक्यांचं जन्मगाव. सिनेमाआधी ते फोटोग्राफीचा व्यवसाय करत, हे वर्गात सांगून टाकलं!)

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. दमट हवा, अंधार आणि बोटांचा तेलकटपणा मिळाला की त्या काचेवर वाढतात. आपल्या घाटाकडच्या पावसाळ्यात हे सगळं आयतंच मिळतं. वाढताना बुरशी आम्ल सोडते, ते काचेवरचा लेप खातं. म्हणून बुरशी निघाली तरी डाग राहू शकतो.

आधी लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बघा. जाळी बाहेरच्या काचेवर असेल तर घरी जमतं. प्रथम हवेच्या फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग लेन्सच्या मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घ्या. थेंब काचेवर टाकलात तर कडेने आत झिरपतो. मधून कडेकडे गोल फिरवत हलक्या हाताने पुसा. माझी एक लेन्स मी पदराने पुसून ओरखडे पाडून घेतलेत, ते आजही दिसतात.

जाळी आतल्या काचांत असेल तर स्क्रू खोलू नका. काचा जरा तिरक्या बसल्या तरी फोटो धूसर येतो. दुरुस्तीवाल्याकडे द्या. लेन्स उन्हात टाकून ठेवायचा सल्लाही ऐकू नका. भिंगातून कागद पेटतो हे आपणच मुलांना शिकवतो ना?

आणि कातडी पाकीट नको, ते ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात कॅमेरा ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा दाणे मुलांच्या हाती देऊ नका.

त्या कॅमेऱ्याची बाहेरची काच लख्ख झाली. आतली जाळी दुरुस्तीवाल्याने काढली, एक पुसट डाग राहिला. उजेडाकडे तोंड करून काढलेला फोटो जरा धुरकट येतो. आईला तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चालेल बाई, रोल कुठे मिळेल तेवढं सांगा."