झपझप, दुडकी आणि धाव : एक्सेलच्या रकान्यांत

मराठी मंडळाच्या अंकात एक्सेल कशाला, असं कुणीतरी विचारेलच. पण 'तो झपझप चालला' आणि 'तो ढांगा टाकत गेला' असं आपण लिहितो, तेव्हा वेगाची दोन वेगळी कारणं सांगत असतो. झपझप म्हणजे पावलं भराभर पडतात. ढांगा टाकणं म्हणजे पाऊल लांब पडतं. वेग हा या दोहोंचा गुणाकार.

वेग = पावलाची लांबी × दर सेकंदाला पडणारी पावलं

माझा धाकटा भाऊ सैन्यभरतीची तयारी करतोय. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे हे स्वप्न इथल्या मुलांना नवं नाही. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत, हे त्याचं लक्ष्य. पण गडी ५ मिनिटं ५२ सेकंदांवर अडकलेला. "अजून जोर लाव," असं सगळे म्हणायचे. जोर कशात लावायचा, ते कुणी सांगत नव्हतं. म्हणून आम्ही मोजायला बसलो.

मैदानावर टेपने १०० मीटर आखा. रेषेच्या थोडं मागून निघा, म्हणजे रेषेवर येईपर्यंत चाल बसते. एकाने घड्याळ धरायचं, दुसऱ्याने पावलं मोजायची. डावा पाय टेकला की एक, उजवा टेकला की दोन. (खेळाच्या पुस्तकांत 'स्ट्राइड' म्हणजे बहुधा अशी दोन पावलं, वाचताना गोंधळू नका.)

आता एक्सेलमध्ये ए रकान्यात अंतर, बी मध्ये सेकंद, सी मध्ये पावलं भरा. डी२ मध्ये बरोबरचं चिन्ह देऊन ए२ भागिले सी२ लिहा : ही पावलाची लांबी. ई२ मध्ये सी२ भागिले बी२ : हा पावलांचा दर. एफ२ मध्ये या दोहोंचा गुणाकार : हा वेग. मग चौकटीचा कोपरा धरून खाली ओढा, बाकीच्या ओळी आपोआप भरतात.

भावाची १०० मीटरची नोंद अशी :

रमतगमत : ८० सेकंद, १४० पावलं, लांबी ०.७१ मीटर, दर १.७५
झपझप : ६० सेकंद, १२२ पावलं, लांबी ०.८२, दर २.०३
दुडकी : ३६ सेकंद, ९८ पावलं, लांबी १.०२, दर २.७२
धाव (१६०० मीटरमधली तिसरी फेरी) : २२ सेकंद, ६६ पावलं, लांबी १.५२, दर ३.००

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. दुडकीवरून धावेवर येताना दर दहा टक्केच वाढला, लांबी मात्र जवळजवळ दीडपट झाली.

साडेपाच मिनिटांसाठी वेग हवा सेकंदाला ४.८५ मीटर. दर ३ च ठेवला तर पाऊल १.६२ मीटरचं हवं, म्हणजे फक्त दहा सेंटिमीटर जास्त. लांबी तीच ठेवली तर मिनिटाला १८० ऐवजी १९२ पावलं हवीत. 'अजून जोर' म्हणजे नेमका किती, ते असं आकड्यात आलं.

एक सावधगिरी. लांबी वाढवायची म्हणून पाय पुढे फेकू नका. टाच शरीराच्या फार पुढे पडली की तीच ब्रेक लावते, आणि गुडघ्यावर ताण येतो तो वेगळाच. लांबी मिळते ती मागच्या पायाने जमीन जोरात ढकलल्यावर. हे एक्सेल शिकवत नाही. ते फक्त कमी कुठे पडतंय ते दाखवतं.

आता दर रविवारी आम्ही एक ओळ वाढवतो. परवा दमलेल्या आवाजात फोन आला, "ताई, लिही. दर तोच, पाऊल १.५५."