चाके सरळ केली, तरी मोटार डावीकडेच का जाते?

मोटारीच्या पुढच्या टायरांची एक कड जास्त झिजलेली दिसली, की गॅरेजवाला सांगतो, "अलाइनमेंट करून घ्या." मोटार एका सपाट चौथऱ्यावर चढवली जाते, चाकांना मोजमापाची उपकरणे लावली जातात आणि काही वेळाने एक छापील कागद हाती पडतो. त्यावरचे सगळे आकडे ठरलेल्या मर्यादेत असतात. तरीही रस्त्यावर आल्यावर स्टेअरिंगवरची पकड जरा सैल झाली, की मोटार हळूहळू एका बाजूला सरकू लागते. चाके तर सरळ केली; मग असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. बलांचा समतोल, शंकूचा आकार आणि उतारावरील वस्तू हे तुमच्या पाठ्यपुस्तकातले विषय पुरेसे आहेत.

आधी तक्रार नीट ओळखा

दोन वेगवेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली अशी, की मोटार सरळ जाते, पण त्या वेळी स्टेअरिंगचे चक्र वाकडे दिसते. दुसरी अशी, की चक्र सोडले तर मोटारच एका बाजूला जाते. पहिलीला 'चक्र वाकडे बसणे' म्हणू आणि दुसरीला 'ओढ'. दोन्हींची कारणे निराळी आहेत. म्हणून वैद्य जसा आधी लक्षणे विचारतो, तसे आपणही आधी नेमके काय होते ते पाहिले पाहिजे.

चाकाचे तीन कोन

चाक मोटारीला बसवताना मुख्यतः तीन कोन पाहतात. कारागीर त्यांना टो, कॅम्बर आणि कॅस्टर म्हणतात.

मोटारीकडे वरून पाहा. दोन्ही पुढची चाके एकमेकांशी समांतर आहेत, की त्यांची तोंडे किंचित आत किंवा बाहेर वळलेली आहेत? हा झाला टो. चालताना पायांचे पंजे आत किंवा बाहेर वळलेले असतात ना, तसेच हे.

टो चुकला तर काय होते? समजा, चाक जाण्याच्या दिशेशी फक्त अर्ध्या अंशाचा कोन करते. अर्ध्या अंशाची साइन सुमारे ०.००८७ आहे. म्हणजे मोटार १ किलोमीटर पुढे जाते, तेव्हा ते चाक एकूण जवळजवळ ९ मीटर आडवे घासले जाते! टायर का झिजतात, हे यावरून ध्यानात येईल. पण पुढची दोन्ही चाके एका दांड्याने जोडलेली असतात. एक चाक उजवीकडे लोटत असेल आणि दुसरे डावीकडे, तर ती जोडी आपोआप अशा स्थितीत येते, की दोन्ही लोट समान होतात. मोटार सरळच जाते. वाकडे दिसते ते चक्र. म्हणून पुढच्या चाकांच्या टोमुळे टायर झिजतात व चक्र वाकडे बसते, पण सहसा ओढ निर्माण होत नाही.

आता मोटारीकडे समोरून पाहा. चाक अगदी उभे आहे, की त्याचा माथा बाहेर किंवा आत कलला आहे? हा कॅम्बर. एक नाणे टेबलावर घरंगळत सोडा. ते डावीकडे कलले की डावीकडेच वळते. कललेले चाकही असेच ज्या बाजूला कलले असेल त्या बाजूला लोटते. दोन्ही चाकांचे माथे सारखेच बाहेर कलले असतील, तर डावे चाक डावीकडे व उजवे उजवीकडे लोटते आणि दोन्ही लोट एकमेकांना छेदतात. एक चाक जास्त कलले, की हा समतोल ढळतो व माथा ज्या बाजूचा जास्त बाहेर, त्या बाजूला मोटार ओढली जाते.

तिसरा कोन कळायला सायकल बरी. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो. त्याचा माथा मागे झुकलेला असतो. चिमटा ज्या आसाभोवती वळतो, तो आस मनाने जमिनीपर्यंत वाढवा. तो चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या पुढे पडतो. म्हणजे चाक त्या बिंदूच्या मागून फरफटत येते आणि सरळ राहू पाहते. मोटारीच्या चाकाच्या बाबतीत या तिरपेपणाला कॅस्टर म्हणतात. मोटारीचा भार पडला, की त्यामुळे प्रत्येक चाक थोडे आत वळू पाहते. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा असेल तर समतोल राहतो. नसेल, तर ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला मोटार जाते.

आता मूळ कोड्याचा एक भाग सुटतो. अनेक लहान मोटारींत पुढच्या चाकांचा फक्त टोच सहज बदलता येतो. कॅम्बर व कॅस्टर कारखान्यात ठरलेले असतात आणि खड्ड्याच्या दणक्याने भाग वाकला किंवा रबर झिजले, तर ते बदलतात. अशा मोटारीची 'अलाइनमेंट केली' म्हणजे टो नीट केला. पण ओढ टोमुळे नव्हतीच! मग ती जाणार कशी?

टायर नव्हे, शंकू

कधी कधी तिन्ही कोन बरोबर असतात, तरी ओढ राहते. आता हा प्रयोग करा. कागदाचा एक पेला टेबलावर आडवा ठेवून हलकेच ढकला. तो सरळ न जाता वर्तुळात फिरतो व अरुंद बुडाच्या बाजूला वळतो. आता दोन सारखे पेले बुडाला बूड लावून चिकटपट्टीने जोडा. ही जोडी सरळ जाते. त्यांतला एक पेला काढून त्या जागी लहान तोंडाचा पेला लावा. जोडी लहान पेल्याच्या बाजूला वळेल.

टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. ते मध्यापासून जरासे सरकलेले असले, तर टायरची एक कड दुसरीपेक्षा ताठ होते. डोळ्यांना टायर गोल दिसतो, पण भाराखाली तो किंचित शंकूसारखा वागतो आणि एका बाजूला लोटतो. कोन मोजणाऱ्या यंत्राला हा दोष दिसत नाही, कारण ते यंत्र थांबलेल्या मोटारीचे कोन मोजते; टायरचे बल मोजत नाही.

हवेचेही असेच आहे. एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असली, तर तो जास्त दबतो, त्याचा रोध वाढतो आणि मोटार त्या बाजूला ओढली जाते. एखाद्या चाकाचा ब्रेक पुरता सुटत नसेल, तरीही तेच घडते.

रस्त्याचा वाटा

पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच व कडांना उतरता बांधतात. आपण डाव्या बाजूने मोटार चालवतो, म्हणून आपल्या मोटारीखालचा उतार बहुधा डावीकडे असतो. समजा, हा उतार १०० ला २ आहे आणि मोटारीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम आहे. उताराच्या दिशेचे बल = १००० × ९.८ × ०.०२ = १९६ न्यूटन. म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतके बल मोटारीला सतत डावीकडे लोटत असते! अशा रस्त्यावर मोटार थोडी डावीकडे गेली, तर तो दोष मोटारीचा नव्हे. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात. तेथे हीच ओढ उजवीकडे असते.

कारण शोधावे कसे?

येथे विज्ञानाची खरी पद्धत उपयोगी पडते: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम पाहा. पुढील चाचण्या जाणत्या चालकानेच, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगाने आणि हात चक्राच्या जवळ ठेवून कराव्यात. तुमचे काम निरीक्षणाचे व नोंदीचे.

१. टायर थंड असताना चारही टायरांची हवा तपासून कंपनीने सांगितल्याइतकी भरा.

२. सपाट जागेवर चाचणी घ्या. ओढ तेथे नाहीशी झाली, तर कारण रस्त्याचा उतार.

३. पुढची दोन चाके आपसात बदला. ओढीची दिशा उलटली, तर दोष टायरचा. दिशा तीच राहिली, तर टायर निर्दोष. (एकाच दिशेने फिरण्यासाठी बाण छापलेले टायर असे बदलू नयेत.)

४. थोडे अंतर चालवल्यावर एक चाक इतरांपेक्षा फार तापले आहे का? मग ब्रेक तपासून घ्या. चाकाला हात लावू नका; जवळ तळहात धरला तरी उष्णता कळते.

५. एवढे करूनही ओढ राहिली, तर छापील कागद पुन्हा वाचा. आकडा 'मर्यादेत' आहे एवढ्यावर समाधान मानू नका. डाव्या व उजव्या बाजूंच्या कॅम्बर-कॅस्टरमधील फरक पाहा. मागच्या चाकांचा टोही पाहा. ती चाके तिरपी असतील, तर मोटार खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते.

विजेच्या साहाय्याने वळणाऱ्या स्टेअरिंगच्या अनेक मोटारींत अलाइनमेंटनंतर चक्राचा 'मध्य' संगणकाला नव्याने सांगावा लागतो. ते राहून गेले, तरी ओढ जाणवू शकते.

एक इशारा मात्र विसरू नका. फक्त ब्रेक दाबल्यावरच मोटार एका बाजूला ओढत असेल, किंवा चांगली चालणारी मोटार एकाएकी ओढू लागली, तर चाचण्या करत बसू नये; मोटार लगेच दुरुस्तीला न्यावी. ओल्या रस्त्यावर असा दोष मोटार घसरवू शकतो.

विचार करा

१. एका मोटारीच्या डाव्या चाकाचा माथा उजव्यापेक्षा जास्त बाहेर कलला आहे आणि कॅस्टर डाव्या बाजूचा कमी आहे. मोटार कोणीकडे जाईल?

२. १०० ला ३ उताराच्या रस्त्यावर १२०० किलोग्रॅमच्या मोटारीवर किती आडवे बल असेल?

३. पुढची चाके आपसात बदलल्यावर ओढ उलटली नाही, पण पूर्ण नाहीशी झाली. दोन्ही चाके बदलताना हवाही पुन्हा भरली होती. यावरून टायरमध्ये दोष होता असे ठामपणे म्हणता येईल काय? नसेल, तर का?