मुठीतला माइक, परवडणारा ॲम्प

ब्लूज वाजवणारा हार्मोनिकावादक माइक स्टँडवर ठेवत नाही. माइक आणि हार्मोनिका दोन्ही तो एकाच मुठीत धरतो, तळहातांनी चारही बाजू जमतील तितक्या बंद करतो आणि त्या पोकळीत फुंकतो किंवा श्वास आत ओढतो. माइकच्या पडद्यावर नेहमीच्या कितीतरी पट जोराचा आवाज आदळतो, वरच्या स्वरांची धार बोथट होते, मधले स्वर जाड होतात. हा भार लहान ॲम्पला पुरता पेलवत नाही आणि आवाज थोडा फाटतो. त्या फाटलेल्या, खरखरीत, सॅक्सोफोनच्या जवळ जाणाऱ्या आवाजासाठीच ही सगळी खटपट असते. शिकागोच्या लिटल वॉल्टरने १२ मे १९५२ रोजी ध्वनिमुद्रित केलेली ‘ज्यूक’ ही वाद्यरचना या शैलीचा पाया मानली जाते. त्या वर्षी ती अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती.

मराठी श्रोत्याच्या कानात माउथ ऑर्गनचा वेगळाच आवाज बसलेला आहे. १९६४ च्या ‘दोस्ती’त राहुल देव बर्मन यांनी वाजवलेला, १९७५ च्या ‘शोले’त भानू गुप्ता यांनी वाजवलेला, स्वच्छ आणि हळवा. दुकानदार, मंडपाचा साउंडवाला आणि घरचे लोक याच आवाजाच्या हिशेबाने सल्ला देतात. त्यांचा सल्ला त्या आवाजासाठी बरोबरही असतो, पण ब्लूजच्या कामी तो येत नाही. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी आपल्याला कोणता आवाज हवा आहे, हे वादकाने स्वतःशी पक्के करावे. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरत आला आहे. शिकागोचे गिटारवादक बडी गाय तिथे वाजवून गेले आहेत. अशा मैफलीत स्टेजवरचे ॲम्प केवढे असतात आणि समोरच्या मोठ्या स्पीकरांतून काय ऐकू येते, हे एकदा जवळून पाहिले की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

हार्मोनिकासाठी वेगळे बनवलेले ॲम्प परदेशात मिळतात, पण ते महाग असतात. नाशिकसारख्या शहरातल्या वादकासमोर व्यवहारात गिटारचेच ॲम्प असतात, आणि मुख्य अडचण तिथूनच सुरू होते. गिटारच्या पिकअपला फक्त तारांचे कंपन कळते, खोलीतला आवाज त्याच्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. त्यामुळे गिटार ॲम्पच्या पहिल्या टप्प्यात आवाज प्रचंड वाढवला तरी चालून जाते. माइक मात्र सगळेच ऐकतो. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज तो पुन्हा उचलतो, ॲम्प तो पुन्हा वाढवतो आणि क्षणात शिट्टी सुरू होते. माइककडून आलेला संकेत (सिग्नल) पहिल्या टप्प्यात किती पट वाढतो, याला गेन म्हणतात. हार्मोनिकासाठी ॲम्प निवडताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट हीच, आणि दुकानातल्या माहितीपत्रकावर नेमकी हीच लिहिलेली नसते.

प्रस्तुत लेखकाची पहिली खरेदी इथेच फसली. नाशिकमधल्या एका दुकानातून त्याने ४० वॉटचा, डझनभर कृत्रिम आवाज साठवलेला गिटार ॲम्प घेतला. दुकानात तो गिटार लावून ऐकवला गेला आणि अप्रतिम वाटला. माइक घरी होता. पहिल्याच छोट्या कार्यक्रमात आवाजाचे बटण दोनच्या पुढे सरकवताच शिट्टी आली. ढोलक आणि बास गिटार यांच्या मागे हार्मोनिका ऐकूच येईना, आणि ऐकू यावी म्हणून बटण वाढवले की पुन्हा शिट्टी. त्या संध्याकाळी अखेर हार्मोनिका गाण्याच्या माइकवर वाजवावी लागली. ॲम्पमध्ये कसलाही बिघाड नव्हता, तो दुसऱ्या वाद्यासाठी बनलेला होता. काही महिन्यांनी तो निम्म्याहून कमी किमतीत एका गिटारवादकाकडे गेला.

या अनुभवातून निघणारा नियम सरळ आहे. जितके ‘मेटल’, ‘लीड’, ‘हाय गेन’ असे शब्द ॲम्पच्या तोंडावर जास्त, तितका तो हार्मोनिकाला कमी उपयोगी. साधा, एकाच चॅनेलचा, आवाज, बास आणि ट्रेबल एवढीच बटणे असलेला ॲम्प बहुधा जास्त चांगला वाजतो. दोन चॅनेल असतील तर नेहमी ‘क्लीन’ लिहिलेला घ्यावा. आवाज फाडण्याचे काम मुठीने आणि माइकने करायचे असते.

वॉटच्या आकड्याला आपल्याकडे अवाजवी मान आहे. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटच्या ॲम्पपेक्षा दहापट नव्हे, साधारण दुप्पट मोठा ऐकू येतो. स्पीकर किती कार्यक्षम आहे, यानेही तेवढाच फरक पडतो. ५ वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प फ्लॅटमध्ये पूर्ण उघडला तर वरचा मजला तक्रार करील. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रियाज ती सहज ओलांडतो. उलट मोकळ्या मैदानात कोणताच परवडणारा ॲम्प पुरत नाही. नाशिकजवळ सुला वाइनरीच्या द्राक्षमळ्यात २००८ पासून सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव होत आला आहे. तशा उघड्या जागी हजारो लोकांपर्यंत आवाज पोहोचवणे हे साउंड सिस्टीमचेच काम असते. तिथे लहान ॲम्प मागे ठेवून त्याच्या स्पीकरसमोर एक माइक लावतात आणि तो मिक्सरला जोडतात. म्हणून घर, छोटा हॉल आणि स्टेज या तिन्हींसाठी ५ ते १५ वॉटचा ॲम्प पुरेसा ठरतो. जास्त वॉटसाठी खर्च केलेले पैसे वजन उचलण्यात जातात.

स्पीकरच्या बाबतीत ८ किंवा १० इंची माप हार्मोनिकाला मानवते. पांढरी एकच्या दहा छिद्रांच्या हार्मोनिकाचे मूळ स्वर सुमारे २६० ते २१०० हर्ट्झ या पट्ट्यात येतात, आणि ब्लूजचे बहुतेक काम पहिल्या सहा छिद्रांत, म्हणजे ९०० हर्ट्झच्या आत चालते. हीच हार्मोनिका ब्लूजसाठी पांढरी पाचमध्ये वाजवतात, कारण मग कोमल गंधार आणि तीव्र मध्यम श्वास ओढून मींडेने काढता येतात आणि कोमल निषाद आयता मिळतो. या मींडेचा गाभा खालच्या स्वरांत आहे. वरच्या पट्टीतला झगझगीतपणा त्याला लागत नाही, आणि शिट्टी मात्र बहुधा तिथूनच येते. म्हणून ट्रेबल दोन-तीनवर, बास सहा-सातवर, ‘ब्राइट’ असे बटण असल्यास बंद, अशी सुरुवात करावी. मग शिट्टी येण्याच्या काठापर्यंत आवाज वाढवून थोडा मागे घ्यावा. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी सोय, मोहात पाडतो, पण तोही शिट्टीला हातभार लावतो.

व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यावा की ट्रान्झिस्टरचा, हा वाद जुना आहे. व्हॉल्व्ह जास्त भार आल्यावर हळूहळू फाटतो आणि कानाला गोड वाटतो, ट्रान्झिस्टर एकदम फाटतो आणि टोचतो. पैसे असतील तर लहान व्हॉल्व्हचा ॲम्प हेच उत्तर आहे. त्यात आणखी एक सोय आहे. पहिला व्हॉल्व्ह बदलून गेन कमी करता येतो. बहुतेक गिटार ॲम्पमध्ये १२ एएक्स ७ हा व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा वर्धनांक, म्हणजे तो संकेत किती पट वाढवू शकतो तो आकडा, १०० असतो. त्याच खोबणीत बसणाऱ्या ५७५१ चा ७०, १२ एटी ७ चा ६०, १२ एवाय ७ चा सुमारे ४५ आणि १२ एयू ७ चा २० च्या आसपास. हार्मोनिकावादकांनी डोक्यावर घेतलेल्या १९५९ च्या फेंडर बासमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह मुळातच १२ एवाय ७ होता, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाचसहाशे रुपये वाचवण्यासाठी हे काम मात्र घरी करू नये. पिन काढल्यावरही ॲम्पच्या आत शेकडो व्होल्टचा साठा राहू शकतो. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेला कारागीर अजून कुठे ना कुठे भेटतो, त्याच्याकडूनच ते करून घ्यावे. सुटे भाग शहरात न मिळाल्यास मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते.

हाती पैसे कमी असतील तर ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला नाक मुरडण्याचे कारण नाही, फक्त त्याला फाडायला लावू नये. तो स्वच्छ ठेवावा आणि खरखर माइककडून घ्यावी. रोलँडचा मायक्रो क्यूब या दृष्टीने उपयोगी आहे. त्याच्या आवाजांच्या निवडीत माइकसाठी वेगळी जागा आहे, ५ इंची स्पीकर आहे आणि तो सहा पेन्सिल सेलवर चालतो. गोदाकाठी किंवा मित्राच्या गच्चीवर वाजवायला एवढे पुरते. ढोलक-ड्रम असलेल्या चमूत तो बुडतो, तेव्हा त्याला मिक्सरचा आधार द्यावा.

माइकबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ॲम्पवर ठेवलेला दोष निम्म्या वेळा माइकचा निघतो. गाण्याचा नेहमीचा माइक, उदाहरणार्थ शूर एसएम ५८, कमी रोधाचा (इम्पीडन्सचा) असतो. गिटार ॲम्पला जास्त रोधाचा संकेत हवा असतो. साधी वायर बदलून तो जोडला तर आवाज पातळ आणि अशक्त येतो, मग वादक बटण वाढवत नेतो आणि शिट्टीला आमंत्रण देतो. मधे रोध जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लावला की तोच माइक भरदार वाजू लागतो. हा ट्रान्सफॉर्मर बोटभर लांबीचा असतो आणि ॲम्पच्या तुलनेत अगदी स्वस्त. नवीन ॲम्प घेण्याआधी हा एक तुकडा लावून पाहावा. शूरचा ग्रीन बुलेट मुळातच जास्त रोधाचा असल्याने सरळ ॲम्पला जोडता येतो. मूठभर गोल आकारामुळे तो हातात चांगला बसतोही.

जुन्या ॲस्टॅटिक जेटी ३० सारख्या क्रिस्टल माइकचे आकर्षण फार असते, आणि आवाज खरोखर सुंदर असतो. त्यातला स्फटिक रोशेल क्षाराचा असतो. सुमारे ५५ अंश सेल्सिअसला तो कायमचा निकामी होतो, फार कोरड्या हवेत त्यातले पाणी उडते आणि फार दमट हवेत तो विरघळू लागतो. नाशिकचा मे महिना आणि नाशिकचा जुलै, दोन्ही त्याच्या मुळावर येतात. मे महिन्यात उन्हात बंद गाडीत तासभर राहिलेला असा एक माइक प्रस्तुत लेखकाने गमावला. हौस असेल त्याने तो घरात, हवाबंद डब्यात ठेवावा. पहिला माइक म्हणून घेऊ नये.

दुकानात जाताना स्वतःचा माइक, ट्रान्सफॉर्मर, वायर आणि ज्या पट्टीत जास्त वाजवले जाते ती हार्मोनिका सोबत न्यावी. ॲम्पपासून सहा-सात फुटांवर, स्पीकरच्या तोंडाच्या रेषेबाहेर उभे राहावे. मूठ पूर्ण बंद करून दुसऱ्या छिद्रात दीर्घ श्वास ओढावा, मग मूठ सैल सोडावी. सैल सोडताच शिट्टी येत असेल तर तो ॲम्प परत ठेवावा. चौथे-पाचवे छिद्र जोरात ओढल्यावर आवाज जाड होतो की चिरका, ते ऐकावे. गिटारवर ऐकवण्याचा आग्रह नम्रपणे नाकारावा. जुना ॲम्प घेत असल्यास किमान अर्धा तास चालू ठेवावा, कारण गरम झाल्यावर येणारी घरघर पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.

विजेची बाब शेवटी येत असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष सर्वांत महाग पडते. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. पिनेला ॲडॉप्टर लावून तो सरळ सॉकेटमध्ये घातला तर फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी ट्रान्सफॉर्मर जळाला, आणि दुरुस्तीच्या खर्चात दुसरा लहान ॲम्प आला असता. मागच्या बाजूची पट्टी वाचावी. काही ॲम्पवर २३० व्होल्टचा खटका असतो, नसेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या गरजेच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा.

त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. हार्मोनिकावादकाच्या दोन्ही हातांत माइकचे धातूचे कवच असते आणि ओठ धातूच्या पट्ट्यांना टेकलेले असतात. ते कवच वायरच्या जाळीतून ॲम्पच्या सांगाड्याला जोडलेले असते. सांगाड्यात वीज उतरली तर ती थेट शरीरातून जाते. जुन्या दोन पिनांच्या ॲम्पला तीन पिनांची वायर बसवून घेतल्याशिवाय तो वापरू नये, आणि तिसरी पिन तोडून सॉकेटात बसवण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी. मंडपातली तात्पुरती वायरिंग, पावसाने ओली झालेली जमीन, जनरेटरची लाइन, अशा ठिकाणी वाजवण्यापूर्वी माइकच्या कवचाला टेस्टर लावून पाहावा. टेस्टरचा दिवा लागला तर माइक खाली ठेवावा, आणि अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत कार्यक्रम थांबला तरी तो हातात घेऊ नये.