शंकांना उत्तर खुराड्यातून

सातारा,
३० मे

चि. मृणाल,


परसात सहा कोंबड्या आणल्यापासून घरात आणि शेजारीपाजारी नाराजी आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. आजींच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यांना हे घरात नकोच. बाबांना वासाची आणि उंदरांची धास्ती, शेजाऱ्यांना आवाजाची. मैत्रिणींना हे चार दिवसांचं खूळ वाटतं. या सगळ्यांना पटवायचं कसं, असं तू विचारलंस. माझं म्हणणं आधी सांगतो, कारणं मागून देतो. पटवण्याच्या मागे लागू नकोस. छंदाचा आनंद तुझा असतो, पण त्याचा वास, आवाज, रोगाचा धोका आणि तू गावाला गेलीस की पडणारं काम हे सगळं इतरांच्या वाट्याला जातं. न मागता ज्यांच्यावर भार पडणार, त्यांना शंका घेण्याचा पूर्ण हक्क आहे. त्यांची शंका म्हणजे तुझ्या आवडीचा अपमान आहे असं मानू नकोस. ती तुझ्या व्यवस्थेची तपासणी आहे असं समज, आणि तिचं उत्तर तोंडाने देण्यापेक्षा खुराड्यातून दे.

वासापासूनच सुरुवात करू, कारण तिथे हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. पक्षी शरीरातला नको असलेला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. शिटेतला पांढरा भाग तो हाच. शीट कोरडी राहिली तर तिला फारसा वास येत नाही. ओल मिळाली की जिवाणू त्या आम्लाचं विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. म्हणजे बाबांची तक्रार खरी कोंबड्यांबद्दल नाही, ओलीबद्दल आहे. जमिनीवर भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा तीन-चार इंचांचा थर हवा, तो वरचेवर खालीवर करायला हवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचा भिजलेला भाग रोज काढायला हवा, आणि वरच्या बाजूने हवा खेळती हवी. मृग तोंडावर आहे, तेव्हा पत्रा पुरेसा बाहेर काढून घे आणि खुराड्याची जमीन आसपासपेक्षा वीतभर उंच करून घे. कारण त्याच ओलीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि त्याच अमोनियाने कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. बाबांच्या नाकाला जे खुपतं तेच कोंबड्यांना आजारी पाडतं. शिवाय रोज खुराड्यात वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं आणि त्याला वास येईनासा होतो. त्यामुळे या बाबतीत तुझ्या नाकापेक्षा बाबांच्या नाकावर विश्वास ठेव. त्यांनी कुरकुर केली की वाद न घालता आधी भुसा तपास.

उंदरांचंही तसंच. उंदीर येतात ते सांडलेल्या दाण्यासाठी, आणि साप येतात ते उंदरांच्या मागे किंवा अंड्यांसाठी. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे तुझ्या सहा जणींना पाऊण किलोपेक्षा कमीच लागतं. मोजून घाल, संध्याकाळी उरलेलं उचल, कण्या आणि भरडा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेव, अंडी रोजच्या रोज काढ. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या षटकोनी भोकांच्या जाळीतून कोंबडी बाहेर जात नाही, पण उंदीर आणि साप आत येतात. अर्धा इंची मजबूत जाळी लाव आणि ती खाली जमिनीत पुर, म्हणजे मुंगसालाही उकरून आत शिरता येणार नाही.

शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारीला एकच उत्तर आहे: कोंबडा ठेवू नकोस. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्लांसाठी. कोंबड्याला रात्री झाकून ठेवलं की तो आरवत नाही, असं कुणी सांगेल. पण त्याचं पहाटेचं आरवणं शरीरातल्या घड्याळावर चालतं, हे जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या वेळेला आरवत राहिले. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ धरलेली आहे, आणि कोंबड्याची वेळ नेमकी त्यातच येते. कोंबड्या अंडं घातल्यावर कलकलाट करतात खऱ्या, पण तो दिवसाउजेडी आणि थोडा वेळ. गावरान पिल्लं आणलीस तर त्यांतली साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला काही आठवडे जातात. त्या नरांचं काय करायचं हे पिल्लं आणण्याआधी ठरव.

रोगाची भीती ही या सगळ्यांत गंभीर आहे. भारतातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. तेव्हा शेडमधल्या लाखो कोंबड्यांबरोबर गावातल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसातून हा आजार होत नाही, कारण ७० अंश सेल्सिअसला विषाणू टिकत नाही, हे लोकांना सांगायला हरकत नाही. पण एवढं सांगून तुझी जबाबदारी संपत नाही. एखाद्या ठिकाणी रोग निघाला की ठरावीक परिघातले सगळे पक्षी नष्ट केले जातात, कुणाचे किती हे पाहिलं जात नाही. तुझी बेपर्वाई गल्लीपलीकडच्या, चार कोंबड्यांवर मीठमिरची भागवणाऱ्या बाईलाही भोवू शकते. म्हणून एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर लपवू नकोस, उरलेल्या विकू नकोस, मेलेल्या उघड्यावर टाकू नकोस. त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव. कोंबड्यांना किंवा अंड्यांना हात लावला की साबणाने धू, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कोंबडी देऊ नकोस, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस चुकवू नकोस. इथे एक व्यावहारिक अडचण येईल. लशीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांतच संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती फोडली तर बाकीची वाया जाते. आसपासच्या कोंबडीवाल्यांना गोळा करून एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस दे. तुझा छंद इतरांशी वाटून घेण्याची ही पहिली खरी संधी आहे, आणि त्यात कुणाला काही पटवावं लागत नाही.

आता एक मोह सांगतो. शंका घेणाऱ्यांसमोर आपण आपल्या बाजूचा फायदा फुगवून सांगतो. तसं करू नकोस. अंडी स्वस्त पडतात असं सांगू नकोस. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी घालते, वनराज-गिरिराजसारख्या सुधारित जाती त्याहून जास्त, आणि व्यापारी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते. खाद्य, जाळी, पत्रा यांचा हिशेब मांडलास तर दुकानातलं अंडंच स्वस्त ठरेल, आणि बाबा तो हिशेब मांडतीलच. तपकिरी कवचाचं अंडं जास्त पौष्टिक असतं असंही म्हणू नकोस. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि बलकाचा गडदपणा हिरवा पाला, मका अशा खाण्यावर. एका खोट्या दाव्याने दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. तुला कोंबड्या बघायला आवडतात, हे खरं कारण सरळ सांग. ते दुबळं कारण नाही. नॉर्वेतल्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे याने लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघून टिपणं ठेवली. कोण कुणाला टोचते यावरून कळपात पायऱ्या ठरलेल्या असतात, हे त्याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जगासमोर मांडलं, आणि प्राण्यांच्या समाजाच्या अभ्यासाला त्यातून मोठी दिशा मिळाली. आभाळातून येणाऱ्या घारीसाठी आणि जमिनीवरून येणाऱ्या मांजरासाठी कोंबड्यांच्या इशाऱ्याचे आवाज वेगळे असतात. कान देऊन ऐकलंस तर तुलाही ओळखू येतील. आपल्या सह्याद्रीच्या रानात राखी रानकोंबडा आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळी कातडी आणि पिवळे पाय देणारा जनुक या राख्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ च्या एका संशोधनातून दिसलं. मैत्रिणींना अंडी वाटण्याआधी या गोष्टी दाखव. अंडी बाजारातही मिळतात. हे बघणं मात्र तुझ्याच परसात मिळेल.

आजींची हरकत या सगळ्यांहून वेगळी आहे आणि तिला व्यवस्थेचं उत्तर पुरत नाही. कोंबड्याविना घातलेल्या अंड्यात जीव नसतो, हा मुद्दा तुझ्या ओठावर येईल. खुद्द गांधीजींनीही आरोग्यावरच्या आपल्या पुस्तकात असा विचार मांडला होता की, ज्याला दूध चालतं त्याला असं अंडं चालायला हरकत नसावी. तरीही हा मुद्दा आजींवर चालवू नकोस. त्यांचं व्रत त्यांनी घेतलेलं आहे आणि ते युक्तिवादाने सोडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं जाणार नाही, भांडं वेगळं राहील, देवघराकडच्या अंगणात कोंबड्या येणार नाहीत, एवढं न सांगता पाळ. आणि त्यांच्या हरकतीच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो स्वतःला विचार. कोंबडी पहिली दोनेक वर्षं भरपूर अंडी घालते, पुढे अंडी घटत जातात, पण ती पाच-सात वर्षं सहज जगते. मग तिचं काय? अंड्यांच्या व्यवसायात नर पिल्लं उपयोगाची नसल्याने जन्मताच मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली. उबवणी केंद्रातून फक्त माद्या आणणाऱ्याचाही त्यात थोडा वाटा असतो. म्हाताऱ्या कोंबड्या शेवटपर्यंत सांभाळणार की कुणाला देणार, आणि दिल्यावर त्यांचं काय होईल, याचं उत्तर तुझ्याकडे तयार हवं. ते असेल तर आजींना कोंबड्या आवडणार नाहीत कदाचित, पण नात विचार करून वागते हे त्यांना दिसेल.

तू म्हणशील, मग मी सगळ्यांपुढे मान तुकवतच राहायची का? नाही. ज्या शंकांची तपासणी करता येते त्यांना व्यवस्थेने उत्तर दे, ज्या श्रद्धेतून येतात त्यांना मर्यादा पाळून दे, आणि ज्या केवळ ‘लोक काय म्हणतील’ यातून येतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. शिकलेल्या मुलीने खुराडं झाडावं का, हा प्रश्न तिसऱ्या जातीचा आहे. परसातल्या कोंबड्या खेड्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आणि अंड्यांचे पैसे हा अनेकींच्या हातातला एकमेव स्वतःचा पैसा होता. त्या कामात लाजण्यासारखं काही नाही. तुझा दुसरा आक्षेपही मला दिसतो: व्यवस्था इतकी चोख ठेवली की कुणाचं लक्षच जाणार नाही, मग छंद वाटला कसा जाणार? पण आधी उपद्रव थांबतो, मग कुतूहल जागं होतं. हा क्रम उलटा करता येत नाही. नाक मुरडत उभा असलेला माणूस रानकोंबड्याची गोष्ट ऐकत नाही.

म्हणून येत्या आठवड्यात चार कामं कर. नगरपालिकेत जाऊन कोंबड्या पाळण्याबद्दल काय नियम आहे ते विचारून घे. पत्रा आणि जाळी पावसाआधी पुरी कर. लशीची तारीख शेजारच्या कोंबडीवाल्यांशी मिळून ठरव. आणि रोजची कामं एका कागदावर लिहून, तू नसताना ती कोण करणार हे त्या माणसाला आधी विचारून ठरव, गृहीत धरू नकोस. वर्षभराने किती जणांना कोंबड्या आवडू लागल्या हे मोजू नकोस. ज्यांना त्या आवडत नाहीत त्यांनाही तुझ्या शेजारी राहताना काही सोसावं लागत नाही, एवढं झालं की छंद रुजला असं समज. त्यानंतर जो कुणी आपणहून खुराड्यापाशी येईल, त्याला वेळ दे, मनापासून दाखव, आणि विचारेल तेवढंच सांग.

तुझ्या आई-बाबांना आणि आजींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा