हृदय-शस्त्रक्रियेनंतरची निद्रा

हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी होऊन रुग्ण घरी परतला की आप्तांची चिंता ओसरते. रुग्णाची अडचण मात्र बहुधा पहिल्याच रात्री सुरू होते. कूस बदलता येत नाही, उठताना छाती दुखते, झोप वारंवार मोडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदय-शस्त्रक्रियांचा समावेश असल्याने हे उपचार ग्रामीण कुटुंबांच्याही आवाक्यात आले आहेत. म्हणून घरच्या शुश्रूषेचे ज्ञान गावोगावी पोचणे अगत्याचे आहे.

काळजी कशासाठी?

हृदयापर्यंत पोचण्यासाठी शल्यविशारद सामान्यतः छातीचे मधले हाड उभे कापतात आणि शेवटी ते पोलादी तारांनी बांधतात. हे हाड सांधण्यास साधारणतः ६ ते १२ आठवडे लागतात. या काळात हातांवर भार देणे अथवा छातीला पीळ बसणे अपायकारक ठरते.

अंथरूण कसे असावे?

प्रारंभी उताणे झोपणे इष्ट. केवळ डोक्याखाली उशा रचल्यास मान दुखते. म्हणून कमरेपासून वर ३० ते ४५ अंशांचा उतार करावा. त्यामुळे श्वसन सुलभ होते. जमिनीवरील अंथरुणातून उठताना हातांवर जोर येतो आणि सैल बाजेत शरीर खचते. यास्तव गुडघ्याएवढ्या उंचीची, सपाट लाकडी खाट उत्तम. पालथे झोपू नये. कुशीवर झोपण्यास डॉक्टरांची अनुमती घ्यावी.

उठावे कसे?

गुडघे वाकवून खांदे व कंबर एकाच वेळी वळवावीत आणि कुशीवर यावे. पाय खाटेखाली सोडले की त्यांच्या भाराने धड उचलले जाते. क्षणभर बसून मगच उभे राहावे. मदतनीसाने पाठीमागून खांद्यांना आधार द्यावा. मायेपोटी हात धरून ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे कटाक्षाने टाळावे. खोकला आल्यास छातीशी उशी घट्ट धरावी.

झोप का मोडते?

वेदना, दिवसाची दीर्घ झोप आणि मनातील धास्ती ही मुख्य कारणे होत. वेदनाशामक तसेच लघवीच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. दुपारची झोप अल्प असावी, सायंकाळी चहा वर्ज्य करावा. झोपेची गोळी परस्पर घेऊ नये.

धोक्याची लक्षणे

आडवे होताच धाप लागणे, पायांवर सूज, एकदोन दिवसांत वजनात किलोभर वाढ, ताप, जखमेतून स्राव अथवा छातीच्या हाडात खटखट जाणवणे, यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब डॉक्टरांना कळवावे. छातीत तीव्र कळ किंवा श्वास कोंडत असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षक, आशा कार्यकर्त्या व पंचायत सदस्यांनी अशा घरी जाऊन एवढी माहिती दिली, तरी रुग्णाच्या कितीतरी रात्री सुखाच्या होतील.