जुम्याची वेल्डिंग आणि कारखान्याचे कुलूप

मालेगावात जुम्याला यंत्रमाग बंद असतात. त्यामुळे मोडलेली फ्रेम जोडणे, छताला अँगल लावणे ही कामे त्याच दिवशी निघतात. वेल्डिंगवाला सकाळी येतो, अजानपर्यंत काम उरकतो आणि मालक कुलूप लावून नमाजला जातो. धोका नेमका या कुलपात आहे.

ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. लोखंड सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. हा थेंब ३५ फुटांपर्यंत उडू शकतो, फरशीवरून घरंगळतो, फटीत शिरतो. आपल्याकडे मागाखाली, तुळईवर, विजेच्या पेटीत कापसाचे तूस साचलेले असते. ते पुष्कळदा लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसते. आग दिसते तेव्हा कारखान्यात कोणी नसते.

म्हणून व्यापारी बंधूंनी एवढे करावे. वस्तू हलण्यासारखी असेल तर मोकळ्या जागेत न्यावी. नसेल तर ३५ फुटांतले सूत, तागे आणि तेलाचे डबे हटवावेत, तूस झाडावे, न हलणाऱ्या मालापुढे लोखंडी पत्रा लावावा. वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या जवळ ठेवाव्यात. मात्र चालू विजेवर पाणी टाकू नये. डिझेलच्या रिकाम्या पिंपाला रॉड लावू नये, आतल्या वाफेने ते फुटते. काम संपल्यावर एक तास माणूस तेथेच बसवावा. म्हणजेच काम नमाजच्या पुष्कळ आधी संपवावे.

आता धुराविषयी. जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. कारागीर त्याला मलेरिया समजतो. दूध-गूळ घेतला की धूर उतरतो, ही समजूत चुकीची आहे. धूर फुफ्फुसात जातो, पोटात नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे. जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे, धूर तोंडावरून जाणार नाही असे उभे राहावे, धुराचा खास मास्क लावावा. रुमाल बांधून भागत नाही.

कापडावरचे डाग काढण्याचे ट्रायक्लोरोइथिलीन जवळ असेल तर वेल्डिंग करूच नये. त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

आणखी एक, कापडाचा व्यापारी म्हणून सांगतो. टेरिलिनचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. कारागिराला जाड सुती कपडेच घालायला लावावेत.

झोपण्यापूर्वी घरातली आग विझवावी, ही हुजूर (स.) यांची तालीम आहे. कारखान्याला कुलूप लावतानाही ती आठवावी. माल पुन्हा विणता येतो. कारागिराची जान ही आपल्याकडे असलेली अमानत आहे.