रॉय एल्ड्रिज : नाव दारावर, वादक दाराबाहेर

बिग बँड म्हणजे साधारण पंधरा वादकांचा ताफा. ट्रंपेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन यांचे गट लिहिलेली रचना वाजवितात. मध्येच एखादा वादक उभा राहून स्वयंस्फूर्त वादन करतो. अशा एकलवादकांत रॉय एल्ड्रिज (१९११–१९८९) याचे स्थान मोठे आहे.

पिट्सबर्गला जन्मलेल्या या कृष्णवर्णीय वादकाने तरुणपणी कोलमन हॉकिन्सचे सॅक्सोफोनवादन ट्रंपेटवर बसविले. सॅक्सोफोनची धावती स्वरावली त्यामुळे ट्रंपेटवर आली. पुढे डिझी गिलेस्पीने आरंभी त्यालाच आदर्श मानले. लुई आर्मस्ट्राँग आणि गिलेस्पी यांना जोडणारा दुवा तो हाच.

१९४१ मध्ये तो जीन क्रुपाच्या गोऱ्या वादकांच्या बँडमध्ये आला. त्याच वर्षी 'रॉकिंग चेअर' मुद्रित झाले. संथ चालीतून तारसप्तकाकडे झेपावणारा त्याचा स्वर त्यात ऐकावा. 'लेट मी ऑफ अपटाउन'मध्ये गोरी गायिका अनिता ओ'डे हिच्याबरोबर त्याचा संवादही आहे. वर्णभेदाच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

१९४४ मध्ये तो आर्टी शॉकडे गेला. तेथे 'लिटल जाझ' हे त्याचे टोपणनावच एका ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक झाले. परंतु याच बँडच्या दौऱ्यात, दारावर त्याचे नाव झळकत असता, त्याला आत सोडण्यास नकार मिळाला.

ज्या समाजाला त्याचा स्वर हवा होता, त्याला तो माणूस नको होता. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना केवळ वादनाला दाद देऊन थांबता येत नाही, ते यामुळेच.